नंबर कुठे लावायचा?

एनईएस क्लासिक हा खेळाचा डबा तळहातावर मावतो. निन्टेंडोने १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या करड्या यंत्राची ही छोटी आवृत्ती. पुढचं झाकण नुसतं दिसण्यापुरतं, ते उघडत नाही, कारण कॅसेट घालायचीच नसते. तीस गेम आतच भरलेले. मागे एचडीएमआयची वायर लावली की आजच्या टीव्हीवर खेळ सुरू. किंमत होती ५९ डॉलर ९९ सेंट. ११ नोव्हेंबर २०१६ ला तो अमेरिकेत विक्रीला आला, आणि त्याच हंगामात मी न्यू जर्सीतल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात सुट्ट्यांच्या गर्दीपुरती नोकरीला लागले होते.

अमेरिकेतली ही माझी पहिली नोकरी. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या आमच्यासारख्या काही बायकांना २०१५ पासून काम करायची परवानगी मिळू लागली. त्याआधी पुण्यात मी एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात होते. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती, हेच माझं काम. त्यामुळे मला व्हिडिओ गेमच्या काउंटरवर उभं केलं तेव्हा खेळ अनोळखी होते, पण स्टॉक ही गोष्ट चांगलीच ओळखीची होती.

पहिल्या दिवशी आमच्या दुकानाला आलेला सगळा माल एका छोट्या ढकलगाडीवर मावला. दार उघडायच्या कितीतरी आधीपासून बाहेर रांग होती आणि रांगेतले बहुतेक लोक रिकाम्या हाताने परत गेले. असं सगळीकडेच झालं. नोव्हेंबरभरात अख्ख्या अमेरिकेत विकले गेलेले डबे होते सुमारे १ लाख ९६ हजार. त्याच आठवड्यात जपानमध्ये फॅमिकॉमची, म्हणजे तिथल्या एनईएसची, अशीच छोटी आवृत्ती निघाली, तिचे अडीच लाखांहून जास्त नग पहिल्या चार दिवसांत संपले.

त्यानंतर नाताळपर्यंत माझ्या कानावर एकच प्रश्न होता: "आलाय का?" फोनवर तोच, काउंटरवर तोच, जेवणाच्या सुट्टीत दुकानाचा शर्ट घालून शेजारच्या दुकानात कॉफी घ्यायला गेले तर तिथेही तोच. विचारणारी मुलं क्वचितच असायची. चाळिशीतले पुरुष असायचे, त्यांच्या बायका असायच्या, म्हाताऱ्या आया असायच्या. एक आई मला सांगत होती की तिच्या मुलाचं मूळ यंत्र तिने घर बदलताना देऊन टाकलं, आणि आता मुलगा स्वतः बाप झाला आहे. हे सगळं ती मला का सांगत होती हे मला पूर्ण कळत होतं. नुसतं "आहे का" असं विचारून तिला निघून जाता येत नव्हतं. ही वस्तू आपल्याला का हवी, याची तिच्याकडे खरी हकिकत होती. अशा हकिकती मी फार ऐकल्या आणि जवळजवळ प्रत्येक हकिकतीला माझं उत्तर "नाही" हेच होतं.

काही प्रश्नांची उत्तरं मात्र देता यायची, आणि ती मी नीट शिकून घेतली. बदकं मारायचा गेम यात का नाही, हे पुष्कळ जण विचारत. 'डक हंट'ची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. घोडा दाबला की यंत्र पडदा क्षणभर काळा करतं, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटवतं, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या ठरलेल्या वेळेवर बेतलेलं आहे. एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तेवढ्याने नेम हुकतो. कंट्रोलरची वायर जेमतेम अडीच फूट आहे, आणि एक गेम सोडून दुसऱ्यावर जायचं तर उठून डब्यावरचंच बटण दाबावं लागतं, हेही मी आधीच सांगून टाकायची. ज्यांना डबा मिळणारच नव्हता तेही हे सगळं मन लावून ऐकत.

आता संगणकाविषयी. आमच्या यंत्रणेत एखाद्या मालाचा आकडा एक दाखवत असेल, तर कपाटात एक असेलच असं नाही. एखादा नग इंटरनेटवरून कोणीतरी घेतलेला असतो आणि उचलायचा बाकी असतो. एखादा परत आलेला आणि उघडलेला असतो. एखादा चोरीला गेलेला असतो आणि मोजदाद होईपर्यंत कागदावर जिवंत राहतो. कारखान्यातही हेच चालायचं. पण तिथला चुकीचा आकडा आमच्या चार जणांतच राहायचा. इथे तो आकडा इंटरनेटवर कोणालाही दिसत होता, आणि त्या एका आकड्यावर भरवसा ठेवून लोक पेनसिल्व्हेनियातून गाडी हाकत यायचे. म्हणून "इंटरनेटवर एक दिसतोय" असं फोनवर कोणी म्हणालं की मी त्यांना थांबवून मागे जाऊन स्वतः बघून यायची. फोन तेवढा वेळ अडकून राहतो म्हणून काही सहकाऱ्यांना ते आवडत नसे. माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि आजही तेच आहे: माल नसेल तर निदान खरी माहिती तरी देता आली पाहिजे.

खरी अडचण पुढची होती. लोक म्हणत, "माझं नाव लिहून घ्या, आला की कळवा." आणि दुकानाचा नियम होता की नाव लिहायचं नाही. पुढचा माल कधी येईल, किती येईल, हे दुकानालाच माहीत नसायचं. ट्रक उघडल्यावर कळायचं. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन कसं द्यायचं, असा नियमामागचा विचार होता. तो विचार मला समजत होता, पण पटत नव्हता.

कारण मी चिंचवडची. बजाजचा आकुर्डीचा कारखाना आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, आणि तरीही बाबांना चेतक मिळायला वर्षं लागली. त्या काळी किती स्कूटर काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. ऑन, म्हणजे वरचे पैसे, देऊन ताबडतोब स्कूटर उचलणारे होतेच. पण बाबांकडे अनामत भरल्याची पावती होती, पावतीवर नंबर होता, आणि तो नंबर त्यांचा होता. ते कामावर गेले, आजारी पडले, गावी गेले, तरी तो पुढे सरकत राहिला. वाट पाहणं लांबलचक होतं, पण त्यासाठी रोज कुठे धावावं लागत नव्हतं. एनईएस क्लासिकच्या बाबतीत नंबर लावायला जागाच नव्हती. प्रत्येक ट्रकला सगळे पुन्हा शून्यावर. काल तीन तास थंडीत उभा राहिलेला माणूस आणि आज सहज दुकानात शिरलेला माणूस, दोघांची पत सारखीच.

अशा वेळी वस्तू कोणाला मिळते? ज्याची सकाळ मोकळी आहे त्याला. ट्रक कोणत्या वारी येतो हे ज्याने हेरून ठेवलं आहे त्याला. इंटरनेटवर तर माणसाच्या बोटांना वावच नव्हता; साठा उघडला की संगणकीय बॉट काही क्षणांत तो उचलून नेत, आणि तेच डबे ईबेवर दोनशे डॉलरच्या पुढे दिसत. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये बॉटविरुद्ध कायदा झाला खरा, पण तो नाटक, संगीत, खेळ अशा कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. खेळण्यांसाठी तसा कायदा करायचा प्रस्ताव पुढे काँग्रेससमोर आला, एकदा नाही अनेकदा, पण तो मंजूर झाला नाही. रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन नोकऱ्या करणारा बाप, यांना या शर्यतीत पळताच येत नव्हतं. अशी माणसं माझ्या काउंटरवर येत होती, म्हणून मला ते दिसत होतं. वरच्या मजल्यावरच्या तक्त्यात फक्त "माल संपला" एवढंच दिसतं, आणि ते चांगलंच दिसतं.

सुट्ट्या संपल्यावरही मला दुकानाने ठेवून घेतलं. जानेवारीनंतर थोडाथोडा माल येऊ लागला तेव्हा आमच्या मॅनेजरने चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली आणि ते काम माझ्याकडे दिलं. या कामाचं मला अजून समाधान आहे. दुकान उघडण्याच्या तासभर आधी मी आतले डबे स्वतः मोजायची, तेवढ्याच चिठ्ठ्या घ्यायची आणि बाहेर जायची. रांगेत पहिल्यापासून एकेक चिठ्ठी हातात द्यायची. माणशी एक, मग तो कितीही ओळखीचा असो. ज्याला चिठ्ठी मिळाली त्याचा डबा ठरला. तो गाडीत बसून राहिला तरी चालेल, कॉफी घेऊन आला तरी चालेल. आणि चिठ्ठ्या संपल्या की पुढच्या प्रत्येकाजवळ जाऊन सांगायचं, एकेकाला, तोंडाकडे बघून: संपल्या, घरी जा. लोकांना याचा राग येईल असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. राग फारच थोड्यांना आला. थंडीत उगाच तासभर उभं राहिल्यावर मिळालेला नकार आणि आल्याआल्या मिळालेला नकार यात फार फरक आहे, आणि तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

याच रांगेत मला एक काका भेटले. डोक्यावर माकडटोपी, अंगावर मुलाचं जाड जाकीट. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यांनी थेट मराठीत विचारलं, "ताई, मराठी का?" नाशिकचे निवृत्त शिक्षक. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. मुलगा लहानपणी टीव्हीचा गेम मागत होता. शिक्षकाच्या पगारात तेव्हा एक स्वस्तातली नक्कल घेऊन दिली होती. काकांनी सांगितलेल्या खुणांवरून ती फॅमिकॉमची नक्कल होती हे मला कळलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बहुतेक घरांत निन्टेंडो पोचला तो असाच, दुसऱ्याच कुठल्या नावाने आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याच्या दाव्यासकट. खऱ्या वस्तूचा तुटवडा असा आम्हाला कधी जाणवलाच नाही, कारण खरी वस्तू आमच्यापर्यंत फारशी आलीच नव्हती. आता मुलाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला खरी द्यायची, असं काकांच्या मनात होतं. "यात कॉन्ट्रा आहे ना?" त्यांनी विचारलं. ते नाव त्यांच्या लक्षात होतं, कारण त्या गेमवरून त्यांनी मुलाला मारलंही होतं. कॉन्ट्रा त्यात नाही. त्याचा पुढचा भाग, सुपर सी, आहे. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "चालेल, तो ओळखेल."

त्या दिवशी चिठ्ठ्या त्यांच्या आधी संपल्या. मी नियमाप्रमाणे त्यांना सांगितलं. "मग नंबर लावून ठेवू का?" ते म्हणाले. मला नाही म्हणावं लागलं. ते पुन्हा आले, पण ज्या दिवशी आले त्या दिवशी ट्रकमध्ये डबे नव्हते. काकांना इथे गाडी चालवता येत नव्हती. मुलाला कळू न देता यायचं म्हणजे सुनेची सुट्टी बघून यावं लागे. मार्चअखेर त्यांचा मुक्काम संपला. जायच्या आधी सून एकटी येऊन विचारून गेली. एका वहीत एक ओळ लिहायची परवानगी असती, तर त्या माणसाला तो डबा नक्की मिळाला असता, याबद्दल मला शंका नाही.

एप्रिल २०१७ मध्ये निन्टेंडोने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत आता शेवटचा माल येईल आणि एनईएस क्लासिक बंद होईल. तोवर जगभरात सुमारे २३ लाख विकले गेले होते. कंपनीचं म्हणणं होतं की ही वस्तू कायम काढत राहण्यासाठी नव्हतीच. उलट मागणी पाहून ठरल्यापेक्षा जास्त माल पाठवला. ग्राहक संतापले. मुद्दाम तुटवडा करतात, असं काउंटरवर येऊन मला सांगणारे पुष्कळ होते. मला तसं वाटत नाही. निन्टेंडोचं सगळं लक्ष मार्चमध्ये आलेल्या स्विच या नव्या यंत्रावर होतं, आणि हा डबा मुळात एका हंगामापुरता योजलेला होता. ज्याने स्टोअर्समध्ये काम केलं आहे त्याला माहीत असतं की चिप आणि साचे यांची मागणी महिनोन् महिने आधी नोंदवावी लागते, ती अंदाजावर, आणि माल उरण्याची भीती प्रत्येक अंदाजाला खाली ओढते.

ती भीती खोटी नसते, हेही मी याच काउंटरवर पाहिलं. ३ डिसेंबर २०१८ ला सोनीचा प्लेस्टेशन क्लासिक आला. वीस गेम, ९९ डॉलर ९९ सेंट. सगळ्या दुकानांनी मागच्या दोन वर्षांचा धडा घेऊन भरपूर माल मागवला होता. पण त्यातले काही गेम युरोपातल्या टीव्हीसाठीच्या, सेकंदाला पन्नास चित्रांच्या आवृत्तीतले होते, म्हणजे अमेरिकेत खेळलेल्यांना ते संथ वाटणार. आणि लोकांच्या मनातले कित्येक गेम यादीतच नव्हते. महिना उलटायच्या आतच किंमत ५९ डॉलर ९९ सेंटवर आली आणि तरी ढीग हलेना. जुनं म्हणून लोक काहीही घेतात हा समज त्या महिन्यात मोडला. लोकांना नेमकं तेच हवं होतं जे त्यांच्या हातांना आठवत होतं.

दरम्यान निन्टेंडोने आपली रीत बदलली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये सुपर एनईएस क्लासिक आला: ७९ डॉलर ९९ सेंट, २१ गेम, त्यात नव्वदच्या दशकात तयार होऊनही कधी प्रसिद्ध न झालेला 'स्टार फॉक्स २'. वायरही आधीपेक्षा लांब. त्याच्या आधी कंपनीने सांगितलं की एनईएस क्लासिकचा २०१६ मध्ये अमेरिकेत जेवढा माल आला त्याहून जास्त माल पहिल्याच दिवशी येईल, पुरवठा २०१८ मध्येही चालू राहील, आणि एनईएस क्लासिकसुद्धा परत येईल. एवढ्या एका निवेदनाने काउंटरवरची हवा बदलली. रांग तेव्हाही लागली, चिठ्ठ्या तेव्हाही वाटल्या, पण रिकाम्या हाताने जाणारा माणूस "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणत जाऊ लागला. २९ जून २०१८ ला एनईएस क्लासिक खरोखर परत आला, आणि महिन्याचे शेवटचे दोनच दिवस हाती असूनही जूनमध्ये अमेरिकेत नगांच्या हिशेबाने सर्वांत जास्त खपलेलं गेमयंत्र तेच ठरलं. फळीवर डबे रचलेले असताना लोक एकेक उचलून शांतपणे बिल करायला येत होते. ईबेवरच्या चढ्या किमती त्या उन्हाळ्यात उतरल्या.

२०१९ मध्ये मी ते दुकान सोडलं आणि जुन्या गेमच्या एका छोट्या दुकानात लागले. इथला तुटवडा वेगळ्या जातीचा. मूळ यंत्रं आता कोणी बनवत नाही. पुरवठा येतो तो लोकांच्या माळ्यावरून आणि तळघरातून. वसंतात घरं साफ होतात तेव्हा खोकी येतात. आईवडील मोठं घर विकून लहान घरात जातात तेव्हा येतात. आलेला माल तसाच विकता येत नाही. एनईएसचा कॅसेट पकडणारा ७२ पिनांचा सांधा सैल झालेला असतो. लाल दिवा लुकलुकत राहतो, कारण आतली कुलूपचिप संपर्क न मिळाल्याने यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करते. कॅसेटमध्ये फुंकर मारून काही होत नाही, ओलाव्याने पिना खराबच होतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं लागतं. 'झेल्डा'च्या कॅसेटमधली बॅटरी मेली असेल तर खेळ साठवला जात नाही, ती डाग देऊन बदलावी लागते. 'पोकेमॉन गोल्ड'मध्ये त्याच बॅटरीवर घड्याळही चालतं, म्हणून ती आधी संपते. आणि नकली कॅसेट ओळखायची असते. त्यात माझा डोळा आता चांगला बसला आहे.

इथे रुजू झाल्यावर मी मालकांकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे वही. नाव, फोन, काय हवं, खोक्यासकट की नुसतं यंत्र, जास्तीत जास्त किती देणार, आणि तारीख. माल आला की ज्याची नोंद आधीची त्याला आधी फोन. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत वाट पाहायची, मग पुढचा. भाव वस्तूची अवस्था बघून आधी ठरतो आणि फोननंतर बदलत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडच्या टाळेबंदीनंतर दुकानं पुन्हा उघडली तेव्हा घरात अडकलेल्या सगळ्यांना जुने गेम आठवले होते, भाव भराभर चढत होते आणि वहीची पानं महिन्याला भरत होती. तेव्हा मालक एकदा म्हणाले की वही मोडून जो जास्त देईल त्याला द्यावं का. आम्ही बसून बोललो. वही राहिली.

पुढे इतरांनीही हे केलेलं पाहून मला बरं वाटलं. जुन्या गेमबॉयच्या कॅसेट चालवणारा अ‍ॅनालॉग पॉकेट ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा नोंदणीला आला, तेव्हा काही मिनिटांत संपला. चिपच्या जागतिक टंचाईत तो प्रत्यक्ष पोचायला डिसेंबर २०२१ उजाडला. मग मात्र कंपनीने नोंदणी उघडी ठेवली आणि मागणी करणाऱ्यांना गटांत बसवलं: काहींना २०२२ च्या सुरुवातीला, काहींना वर्षअखेर, काहींना २०२३ मध्ये. आमच्या दुकानातले दोघे शेवटच्या गटात होते. दोघांनीही तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यात एक तरुण सुपर निन्टेंडो मागायला आला. वाढदिवस जवळ आला होता, पन्नास डॉलर वर देतो म्हणाला. दोन यंत्रं मागे दुरुस्तीला होती, पण वहीत त्याच्या आधी तिघे होते. मी त्याला वही उलटी करून दाखवली, तारखांसकट, आणि दुरुस्ती कधी होईल तेही सांगितलं. त्याने तिन्ही नोंदी वाचल्या.

"म्हणजे मी चौथा," तो म्हणाला.

"चौथा. लिहू?"

"लिहा," म्हणाला, आणि आडनावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर सांगू लागला.